घट

गेल्या वर्षीच्या ज्येष्ठात, अतिदक्षता विभागातील हिरव्या पडद्याआड, एका तरुण डॉक्टर बाईंनी माझ्या सासूबाईंना एक प्रश्न विचारला. "आजी, मागच्या दोन-तीन दिवसांत काही घडलं का? भांडण, भीती, एखादी वाईट बातमी, मनाला लागावं असं काही?" आईंनी डोळे न उघडताच सांगितले, "काही नाही." डॉक्टरांनी जरा थांबून, स्टूल जवळ ओढून, तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला. उत्तर तेच आले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मीही मान हलवली. खरोखरच काही घडलेले नव्हते. कोणी गेले नव्हते, कोणी भांडले नव्हते, दारात कोर्टाचा कागद आला नव्हता. माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात मात्र भांडी बाजारातील एका दुकानाची दोन दिवसांपूर्वीची पावती घडी करून ठेवलेली होती, आणि मान हलवताना नेमकी तीच मला आठवली. ती मी बाहेर काढली नाही. तांब्याच्या एका जुन्या बंबाचा आणि माणसाच्या हृदयाचा काय संबंध असणार, असे मी स्वतःची समजूत घालत म्हटले. तो संबंध होता की नाही हे मला आजही ठरवता आलेले नाही. पण विचारले गेले तेव्हा मी गप्प राहिले, हे टोचते.

आमचा वाडा जुन्या नाशकात, सरकारवाड्यापासून चालत पाच मिनिटांवर होता. होता असे लिहिताना हात अडखळतो, कारण वाडा अजून उभा आहे. फक्त आम्ही तिथे नाही. दर पावसाळ्याच्या तोंडावर त्या भागातील धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात, लोक त्या वाचतात आणि पुन्हा आपापल्या माडीवर जाऊन झोपतात. आमच्या मागच्या भिंतीची भेग मात्र त्या वर्षी हात आत जाईल एवढी रुंद झाली आणि माझ्या नवऱ्याने इंदिरानगरातील फ्लॅटचे पक्के केले. तिसरा मजला, लिफ्ट, न्हाणीघरात गिझर, खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर. गल्लीत टेम्पो शिरत नव्हता, म्हणून सामान हातगाडीवरून मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावे लागले आणि एका दिवसाचे काम आठ दिवस चालले. त्या आठ दिवसांत आई रात्री तीन-चार तासांपलीकडे झोपल्या नसाव्यात. ट्रंका उघडायच्या, एकेक वस्तू हातात घ्यायची आणि "न्यायची" किंवा "द्यायची" अशा दोन ढिगांपैकी एका ढिगात ठेवायची. नाना, म्हणजे माझे सासरे, जाऊन तीन वर्षे झाली होती. त्यांचे धोतर, चष्म्याची घरे, सायकलचा पंप हे सगळे आईंनी एका दुपारी इतक्या झटपट निकालात काढले, की मला वाटले, अवघड भाग संपला.

राहिला बंब. तांब्याचा, कमरेएवढ्या उंचीचा, मधून धुराची नळी गेलेला, खाली निखाऱ्यांची जाळी आणि पुढे पितळेची तोटी असलेला. पूर्वी तो रोज पहाटे पेटत असे, आणि पहिला मान नानांचा, मग मुलांचा, शेवटी कोमट उरलेल्या पाण्याचा मान आईंचा, असा त्याचा क्रम होता. त्यांच्या वडिलांनी लग्नात दिलेला. मानेजवळ ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले आईंचे माहेरचे आडनाव आणि १९७४ हे साल बोटाला अजून खरखरीत लागे. मी घरात आले तेव्हा तो पेटणे केव्हाच बंद झाले होते. त्यात दोरीचे तुकडे आणि कपड्यांचे चिमटे असत. तरीही दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आई चिंच आणि मीठ घेऊन त्याच्यासमोर बसत आणि त्याला गुलाबी करूनच उठत. फ्लॅटमध्ये तो ठेवण्याजोगा कोपरा नव्हता. मी तो दारापर्यंत ओढत आणला तेव्हा आई उंबऱ्यावर उभ्या होत्या. त्यांनी त्याच्या झाकणावर तळहात ठेवला, साधा, गरम आहे का पाहावे तसा. मी विचारले, "काय झालं, आई?" त्या म्हणाल्या, "काही नाही. घेऊन जा." हातगाडीवाला खोळंबला होता. मी घेऊन गेले.

भांडी बाजारात दुकानदाराने बंब आडवा पाडून हातोडीच्या दोन ठोक्यांत जाळी सुटी केली, आत बोट फिरवून काजळी पाहिली, डागलेले सांधे पाहिले आणि वजनकाट्यावर चढवला. मग मोडीचा भाव सांगितला आणि म्हणाला, "ताई, सांध्यातलं शिसं, काजळी, तोटी, याची घट धरावी लागेल." मी हिशेबशास्त्र शिकवते, वजावट कशाची आणि किती हे विचारणे माझ्या हाडात आहे. पण त्या दिवशी मी दमले होते. त्याने पावतीवर एकूण वजन लिहिले, त्याखाली "घट" असा शब्द आणि आकडा, त्याखाली रेघ मारून निव्वळ वजन. आपल्या भाषेत घट म्हणजे भांडे आणि घट म्हणजे झीजही, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला नवरा पंचवटी एक्स्प्रेससाठी निघण्याच्या तयारीत होता. स्वयंपाकघरात चहाचे पातेले उतू गेल्याचा चर्र आवाज आला आणि तो थांबेना, म्हणून मी गेले. आई ओट्याला दोन्ही हात टेकून उभ्या होत्या. कपाळावर घाम, ओठ पांढरे. "छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतंय," एवढेच त्या म्हणाल्या, आणि डावा हात उचलून गॅस बंद केला. ते गॅस बंद करणे मी विसरू शकत नाही. गाडीत त्यांनी जबड्याला हात लावून ठेवला होता; दात दुखतात तसे दुखते आहे, असे म्हणत होत्या. मुंबई नाक्याला त्या वेळी वाहने तुरळक असतात, तरीही तो सिग्नल मला अर्धा तास लाल वाटला. ईसीजीचा कागद पाहताच तिथल्या लोकांच्या हालचालींचा वेग बदलला. रक्तातील ट्रोपोनिन वाढलेले निघाले, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झालेली होती. हार्ट अटॅक आहे, तातडीने अँजिओग्राफी करावी लागेल, इथे सही करा. नवऱ्याने सही केली. माझ्या डोक्यात उगाचच ब्लॉकेज, स्टेंट, विमा, कॅशलेस असे शब्द रांगेने उभे राहिले.

तासाभराने डॉक्टर बाई बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर थोडे कुतूहल होते, जे मला त्या घडीला जरा खुपलेच. रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत, त्या म्हणाल्या. एकाही वाहिनीत झटका येण्याजोगा अडथळा नाही. मग आम्हाला आत नेऊन त्यांनी पडद्यावर हृदयाच्या डाव्या कप्प्याचे हलते चित्र दाखवले. निरोगी हृदय आकसते तेव्हा सगळीकडून आवळले जाते, ओला कपडा पिळावा तसे. आईंच्या हृदयाचा वरचा भाग, मानेपाशी म्हणावा असा, जिवाच्या आकांताने आकसत होता. खालचे टोक मात्र स्वस्थ होते. दर ठोक्याला वरची मान अरुंद होई आणि खाली गोल पोट तसेच फुगलेले राही. आपण ठोका म्हणतो त्यातला अर्धा भाग गैरहजर होता. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, कागदावर पंपाच्या ताकदीचा आकडा होता ३५ टक्के. साधारणपणे तो ५५ च्या वर असायला हवा. डॉक्टरांनी आमच्यासाठी कागदाच्या पाठीवर पेनाने एक आकृती काढली, अरुंद गळ्याची, गोल पोटाची. मी पटकन म्हणाले, "चंबू." त्या हसल्या. "जपानमध्ये असतात तर ताकोत्सुबो म्हणाल्या असतात."

ताकोत्सुबो हे नाव १९९० मध्ये हिकारू सातो आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी या आजाराला दिले. ताको म्हणजे आठ पायांचा ऑक्टोपस आणि त्सुबो म्हणजे भांडे. जपानी कोळी अशी मातीची भांडी दोरीला बांधून समुद्राच्या तळाशी सोडतात. मी त्यांची चित्रे नंतर रात्री मोबाइलवर पाहत बसले, शिंपले चिकटलेली, किनाऱ्यावर ओळीने उलटी ठेवलेली. त्यात आमिष घालावे लागत नाही, ही गोष्ट वाचून मी थबकले. ऑक्टोपसला अंधारी, अरुंद, सुरक्षित जागा हवी असते. ती मिळाली म्हणून तो स्वतःहून आत जातो आणि दोरी वर ओढली जाईपर्यंत आतच बसून राहतो. मला वाड्यातील आईंची खोली आठवली, माडीखालची, भर दुपारी दिवा लावावा लागणारी. आम्ही त्यांना तिथून उजेडात आणले होते. आम्ही त्यांचे भलेच केले होते, आणि तसे मी चार जणींना सांगितलेही होते.

हे असे का होते, याचे पूर्ण उत्तर वैद्यकाकडेही नाही, पण रोख स्पष्ट आहे. मोठा ताण आला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून आणि मज्जातंतूंच्या टोकांतून अ‍ॅड्रिनलिन आणि त्याच्या जातीची रसायने रक्तात उतरतात. पळा किंवा लढा, यासाठीची ती जुनी तरतूद आहे. २००५ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील डॉक्टरांनी अशा १९ रुग्णांचा अभ्यास छापला. त्यांच्या रक्तातील या रसायनांचे प्रमाण खऱ्याखुऱ्या मोठ्या हार्ट अटॅकच्या रुग्णांपेक्षाही कितीतरी जास्त भरले होते. हृदयाच्या टोकाकडच्या भागात ही रसायने झेलणारी केंद्रे दाट असतात असे मानतात. थोडे रसायन आले की तो भाग जोमाने काम करतो. पूर आला की तीच केंद्रे उलटी वागून ब्रेक लावतात, असा एक तर्क आहे. सूक्ष्म रक्तवाहिन्या आखडतात असाही एक आहे. स्नायू मरत नाही, सुन्न होतो. बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत किंवा आठवड्यांत तो पूर्ववत होतो, आणि म्हणूनच या आजाराविषयी बोलताना लोकांच्या आवाजात एक हळवेपणा येतो, जणू हे काव्यच आहे. तसे नाही. पहिल्या दिवसांत याच आजारात फुप्फुसांत पाणी भरते, ठोक्यांची लय बिघडते, न हलणाऱ्या टोकात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते, आणि रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी काही जण दगावतात. डॉक्टर बाईंनी आम्हाला बजावून सांगितले होते की दारात आलेला रुग्ण झटक्याचा आहे की ताणाचा, हे तपासण्यांवाचून त्यांनाही सांगता येत नाही. तेव्हा टेन्शनमुळे असेल असे म्हणून घरी बसून राहणे म्हणजे जुगार. हे मी शेजारी-पाजारी एवढ्या वेळा सांगितले आहे, की आता मला त्याचाच कंटाळा आला आहे, पण इथेही सांगून ठेवते.

अतिदक्षता विभागाबाहेर स्टीलच्या खुर्च्यांवर बसून मी तीन रात्री हिशेब मांडत होते. खर्चाला व्हाउचर लागते, या शिस्तीत माझी वीस वर्षे गेली आहेत. एवढी मोठी नोंद विनाआधार कशी असेल? त्या बाल्टिमोरच्या अभ्यासातील कारणांच्या यादीत मृत्यूच्या बातम्या होत्या, पण न्यायालयातील हजेरी होती, सभेत बोलण्याची भीती होती आणि कोणा एकीसाठी तिला न सांगता जमवलेली पार्टीही होती. २००४ मध्ये जपानच्या नीगाता भागात भूकंप झाला, त्यानंतर तिथे असे रुग्ण एकाएकी वाढले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत भावनिक कारणाने आजारी पडलेले ४८५ रुग्ण होते आणि त्यांतील २० जणांचे कारण आनंदाचे होते, लग्न, वाढदिवस, नातवंडाचा जन्म. भूकंप आणि नातवंड एका यादीत. हे वाचल्यावर बंब मला त्या यादीत बसेल असे वाटू लागले, आणि ते वाटणे विचित्रपणे दिलासा देणारेही होते. अपराधी ठरणे सोसवत नाही हे खरे. पण कारणच नसणे त्याहून सोसवत नाही. मी अपराधी असेन तर निदान जग समजण्याजोगे तरी राहते.

वैद्यकाने मला तोही आधार फार काळ दिला नाही. २०१५ मध्ये युरोप आणि अमेरिकेतील रुग्णालयांनी मिळून १,७५० रुग्णांची नोंद छापली. त्यांतील सुमारे ९० टक्के स्त्रिया होत्या, सरासरी वय सदुसष्टच्या घरात. मनाला बसलेला धक्का २८ टक्क्यांच्या आसपास लोकांना आठवत होता. शारीरिक कारण, म्हणजे एखादे ऑपरेशन, जंतुसंसर्ग, दम्याचा झटका असे काही, ३६ टक्क्यांत होते. आणि २८ टक्क्यांहून थोड्या जास्त रुग्णांत कोणतेच कारण सापडले नव्हते. मी हे वाचले आणि आठवू लागले, आईंना त्या आठवड्यात जुलाब झाले होते, त्यांनी ताक-भात खाऊन दोन दिवस काढले होते, जड ट्रंका त्यांनी स्वतः सरकवल्या होत्या, झोप नव्हतीच. मग बंबाचे काय? नानांचे काय? पन्नास वर्षांच्या घराचे काय? डॉक्टरांना एक घटना हवी होती, आणि माझ्याकडे एक आख्खे खातेपुस्तक होते, ज्यातील कोणत्या ओळीवर बोट ठेवावे ते मला कळत नव्हते.

भेटायला येणाऱ्या बायकांना मात्र असा कोणताही संभ्रम नव्हता. वाड्यातील शेजारीण पिशवीतून नारळपाणी घेऊन आली आणि खुर्चीवर टेकताच म्हणाली, "वहिनींनी हाय खाल्ली गं." दुसरी म्हणाली, "धसका घेतला." तिसरीने जाताना आईंच्या हातावर थोपटत सांगितले, "मनाला लावून घेऊ नका आता." तिघींना जपानी भांडे माहीत नव्हते, आणि निदान मात्र तिघींचे बरोबर होते, फक्त इकोऐवजी त्यांच्याकडे क्रियापदे होती. ती क्रियापदे मी नंतर बरेच दिवस तोंडात घोळवली. हाय खाणे. धसका घेणे. लावून घेणे. आपल्या भाषेत या आजाराची शब्दकळा आधीपासून आहे, पण तिच्यात कर्ता नेहमी सोसणारीच असते. ती खाते, ती घेते, ती लावून घेते. जणू ताटात वाढले होते आणि हिने नको म्हणायला हवे होते. बाहेरून काही आले, कोणी काही केले, कोणी बंब उचलून नेला, याला त्या वाक्यात जागाच नाही. मला ती व्याकरणाची सोय त्या काळात फार उपयोगी पडली, हे कबूल करायला हवे.

नाशिकमध्ये तर या आजाराची गोष्ट गावाच्या कथेतच आहे. रामकुंडावर रामाने वडिलांचे श्राद्ध केले, असे आपल्याकडे मानतात, आणि दशरथ कशाने गेला तर पुत्रशोकाने. देशभरातून लोक अस्थिकलश घेऊन त्याच पाण्याशी येतात. लहानपणी मला या कथेतील राजाचे मरण फार भव्य वाटे. आता रामकुंडावरून जाताना मनात येते की मरण्याइतके दुःख करण्याचा मान कथेने राजाला दिला आणि तीनही राण्यांना मागे ठेवले, घर, राज्य आणि दुसऱ्यांची मुले सांभाळायला. कौसल्येच्या छातीत त्या रात्री काय झाले ते माझ्या तरी वाचनात नाही. तिला कोणी विचारले असते, तर तीही "काही नाही" म्हणाली असती, अशी माझी खात्री आहे.

पाचव्या दिवशी आईंना घरी सोडले. या आजारावर खास असे औषध नाही. हृदयाचा भार हलका करणारी, पाणी काढणारी, अशी नेहमीचीच औषधे आणि वाट पाहणे. आषाढात एका दुपारी कॉलेज लवकर सुटले तेव्हा मी घरी न जाता भांडी बाजारात गेले. गंगापूर धरणातून पाणी सोडले होते, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत गोदावरी आली होती, आणि दुकानदार पाण्याकडे एक डोळा ठेवून खालच्या फळ्यांवरची भांडी वर चढवत होते. हंड्यावर हंडा, कळशीत कळशी. प्रत्येक भांडे दुसऱ्याला लागले की वेगळा आवाज येत होता. मी माझा दुकानदार शोधला आणि बंब परत विकत घ्यायचा आहे, असे सांगितले. किती हास्यास्पद वाक्य होते ते मला बोलल्यावर कळले. तो हसला नाही. "तो गेला, ताई," असे माणसाविषयी सांगावे तसे म्हणाला. मोड आठवड्याला भट्टीवर जाते. त्याने मला तशाच घडणीचे दोन जुने बंब दाखवले, एकावर तर कोणा दुसऱ्या घराचे नाव आणि साल ठिपक्यांनी कोरलेले होते. मी त्या नावावरून बोट फिरवले आणि हात मागे घेतला. त्याच फळीवर एक लहानसा चंबू होता, अरुंद गळ्याचा, गोल पोटाचा, डॉक्टरांनी काढला होता अगदी तसा. तोही घेतला नाही. उगाच एखादी वस्तू घरी नेऊन तिच्याकडून माफी मागून घ्यावी, हे मला पटले नाही.

सहा आठवड्यांनी पुन्हा इको झाला. थंडगार जेल छातीवर लागताच आईंनी पाय आखडले. डॉक्टर बाईंनी पडदा आमच्याकडे वळवला आणि मी पाहिले की खालचे टोक आत येत होते, बाहेर जात होते, सगळ्यांच्या बरोबरीने. आकडा ६० टक्के. "कधी काही झालंच नव्हतं असं दिसतंय, आजी," त्या म्हणाल्या. हा आजार क्वचित पुन्हा उद्भवू शकतो, तेव्हा छातीत दुखले तर लगेच यायचे, हेही सांगितले. मला फार आनंद झाला, आणि त्याच्या तळाशी थोडी निराशाही होती, जी मी कोणाला बोलून दाखवली नाही. शरीराने एवढे सांगितले होते आणि आता तेही म्हणत होते, काही नाही.

घरी आल्यावर आई बाल्कनीत बसल्या. फाइल मांडीवर, जुना इको आणि नवा इको त्या चष्मा लावून उगाच खालीवर पाहत होत्या, त्यातले इंग्रजी त्यांना लागत नव्हते तरीही. मी मेथी निवडत होते. समोर डोंगरावर ढग उतरला होता आणि खाली कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न अडकून एकसारखा वाजत होता. तो थांबला तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारले, "बंब किती भरला?"

मी म्हणाले, "आठ किलो सहाशे. घट आठशे. निव्वळ सात किलो आठशे."

"नऊ होता," त्या म्हणाल्या. "बाबांनी माझ्यासमोर तोलून घेतला होता." मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत, त्यांचे ओठ हलत होते, हिशेब करताना हलतात तसे. "चारशे ग्रॅम माझ्या हातानं गेलं असेल. चिंचेनं झिजतं. पण तोटी घटीत कशी धरली त्यानं? पितळेचे पैसे वेगळे होतात. विचारायचं होतंस."

"विचारलं नाही, आई. तुम्हालाही विचारलं नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "पावती आहे का?"

ती अजून पर्सच्या त्याच कप्प्यात होती, घडीवर मऊ पडलेली. मी आणून दिली. त्यांनी ती उलगडली, आकडे बोटाने एकदा वरून खाली वाचले, पुन्हा त्याच घडीवर मिटली आणि फाइल मांडीवर होतीच, तिच्यात दोन इकोंच्या मधे ठेवून दिली. मग फाइलची नाडी बांधली आणि मेथीची अर्धी जुडी माझ्या पुढ्यातून आपल्याकडे ओढून घेतली.